हँडसेट नंतर, आधी नियम

महोदय,

कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत वॉकीटॉकीची चौकशी सुरू होते. हँडसेट ऑनलाइन मागवला जातो, परवान्याची आठवण नंतर होते. जे हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, परवाना परीक्षेच्या अभ्यासाला बसतात, त्यांतले बरेच जण, विशेषतः अभियांत्रिकीची मुले, चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

या परीक्षेच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे मर्यादित परवान्याच्या श्रेणीला, १२ वर्षे पूर्ण असली की बसता येते आणि मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, लागत नाही. पेपरचे भाग दोन, रेडिओ तंत्र आणि नियम. प्रत्येक भागात किमान ४० टक्के हवेत, पण एकूण ५० टक्के. म्हणजे दोन्हीकडे चाळीस-चाळीस मिळवणारा नापास! ओहमचा नियम येतो म्हणून तंत्रावर भिस्त ठेवायची आणि हौशी रेडिओसेवेची १९७८ची नियमावली शेवटच्या रात्री चाळायची, हे इथेच अंगाशी येते. ती रुक्ष आहे खरी, पण अंदाजाने सुटत नाही. धंद्याचा निरोप चालत नाही, गाणी वाजवता येत नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा वापरता येत नाही, लॉगबुक, म्हणजे संपर्कांची नोंदवही, ठेवावेच लागते. क्यू कोडमध्ये, म्हणजे क्यूने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांमध्ये, क्यूआरएम आणि क्यूआरएन यांची हमखास अदलाबदल होते. एम म्हणजे माणूस, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा. एन म्हणजे निसर्ग, विजांची खरखर. एवढे पुरते.

तंत्राची सूत्रे मात्र घोकू नयेत, आपल्या गच्चीवर लावून पाहावीत. ३०० भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता म्हणजे मीटरमध्ये तरंगलांबी. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२.२५ मीटर. निम्मी करून पाच टक्के वजा केले की २० मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणीचा तारेचा अँटेना, दहा-दहाचे दोन पाय. तार प्रत्येकी ३० सेंटिमीटर जास्तच कापावी. छाटणे सोपे, जोडणे कटकटीचे. हा डायपोल चार-पाच मीटर उंचीवर बांधला तर लहरी बऱ्याचशा वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात, म्हणून दिवसा पाटणच्या खोऱ्यातून सांगली गाठता येते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरचा हँडसेट जवळपास सरळ रेषेत चालतो. कोयनेच्या डोंगराआड तो मुका होतो, कितीही महाग असला तरी.

डेसिबलचेही, म्हणजे शक्तीतली घट-वाढ मोजायच्या एककाचेही, तसेच. १४५ मेगाहर्ट्झला अँटेनाकडे जाणाऱ्या साध्या आरजी-५८ केबलच्या १५ मीटरमध्ये सुमारे ३ डेसिबल जातात, म्हणजे शक्ती निम्मी होते आणि पाच वॉटचे वर अडीच पोचतात. हे एकदा कळले की लॉगॅरिदमची भीती जाते.

परीक्षेचा अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा. उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. स्वस्त हँडसेट हॅमच्या पट्ट्याबाहेरही प्रक्षेपण करतात, आणि तिथे पोलिसांसह इतरांचे संदेश चालू असतात. व्हीयू३ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची अधिकृत ओळख, हाती येईपर्यंत पीटीटीचे, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचे, बटण दाबू नये, ‘नुसते तपासायला’सुद्धा नाही.

– एक परवानाधारक हॅम, विश्रामबाग, सांगली