मारामारी भारी, पण प्रकरणे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या नव्या भागांची परीक्षणे येऊ लागली, हे चांगले झाले. कालपरवापर्यंत हा विषय मुलांच्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी असायचा. पण या परीक्षणांचा साचा पहिल्या महिन्यातच ठरून गेलेला दिसतो. तीन परिच्छेद कथा, एक परिच्छेद ‘डोळ्यांचे पारणे फेडणारे ॲनिमेशन’ आणि शेवटी साडेचार तारे. मालिकेचे नाव बदलले की तोच मजकूर पुढच्या रविवारी चालेल.

मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, बेतलेल्या मालिकेची कथा आधीच छापून आलेली असते. ती पुन्हा सांगण्यात परीक्षकाचे कौशल्य कुठे लागते? स्टुडिओने त्या छापील पानांचे काय केले, हे सांगायला मात्र लागते. त्यासाठी काय तपासावे, ते थोडे तपशिलात लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे.

पहिला हिशोब मिनिटांचा. एक भाग तेवीस-चोवीस मिनिटांचा. त्यातले दीड मिनिट सुरुवातीच्या गाण्याचे, दीड शेवटच्या गाण्याचे, वर पुढच्या भागाची झलक. कथेला वीस-एकवीस मिनिटे उरतात. साप्ताहिकातल्या मांगाचे एक प्रकरण साधारण एकोणीस पानांचे असते आणि बहुतेक मालिका एका भागात दोन ते तीन प्रकरणे बसवतात. म्हणून ‘हा भाग कितव्या प्रकरणापासून कितव्यापर्यंत’ ही ओळ परीक्षणात सगळ्यात आधी हवी. ती नसेल, तर भाग ‘रेंगाळला’ की ‘पळाला’ हा निव्वळ परीक्षकाच्या त्या दिवशीच्या मूडचा प्रश्न ठरतो.

‘वन पीस’चेच पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये गाजलेला 1071 वा भाग ज्या 1044 व्या प्रकरणावर येऊन थांबतो, ते मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाले होते. मालिका 1999 पासूनची, म्हणजे चोवीस वर्षांत हिशोब एका भागाला जेमतेम एक प्रकरण असा पडला. यात दिग्दर्शकाचा आळस नव्हता. दर आठवड्याला भाग दाखवायचा आणि मांगाच्या पुढे जायचे नाही, तर पाणी घालण्यावाचून इलाज नसतो. मागच्या भागाची उजळणी, अवाक झालेल्या दहा चेहऱ्यांवरून फिरणारा कॅमेरा, एकाच ठोशाच्या तीन बाजू, हे सगळे त्या पाण्याचेच प्रकार. 2026 पासून वर्षाला जास्तीत जास्त 26 भाग करायचे, असे तोएई ॲनिमेशनने जाहीर केले ते याच कारणाने. यापुढे ‘वन पीस’च्या नव्या भागांवर लिहिताना रेंगाळल्याची जुनी तक्रार सवयीने छापण्याआधी प्रकरणांचा आकडा पाहावा.

आकडा एकटाही फसवतो. ‘ब्लीच’ 2012 मध्ये 366 भागांवर थांबली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये शेवटचे पर्व घेऊन परतली. त्यात भागामागे चार-पाच प्रकरणे उरकलेली आहेत, तरी बहुतेक ठिकाणी धाप लागत नाही. याचे कारण मूळ मांगाकार ताइतो कुबो यांच्या पानात आहे. पांढरी पार्श्वभूमी, पानाला चारच चौकटी, त्यातल्या दोन नुसत्या डोळ्यांच्या. असे पान पडद्यावर दहा सेकंदांत होते. उलट ‘जुजुत्सु काइसेन’मध्ये लढाई चालू असतानाच शक्तीचे नियम समजावणारा मजकूर चौकटीभर असतो. तिथे तीन प्रकरणेसुद्धा वीस मिनिटांत घुसमटतात.

मांगाचे पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते, त्यामुळे धक्का डावीकडच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यानंतर येतो. पान उलटले की दोन पानांवर पसरलेले एकच चित्र समोर येते. पडद्यावर पान उलटता येत नाही. त्या क्षणाच्या जागी दिग्दर्शकाने काय ठेवले, शांतता, काळा पडदा की गाणे, हे परीक्षकाने बघायचे. ‘डीमन स्लेयर’च्या पहिल्या पर्वाचा ऑगस्ट 2019 मधला 19 वा भाग याचा नमुना आहे. मूळ प्रसंग पाचव्या खंडात थोडक्या पानांत संपतो. युफोटेबल या स्टुडिओने तलवारीमागे उमटणारे पाणी जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांसारख्या जाड रेषांत काढले, नेमक्या वळणावर ते पाणी विस्तवात बदलले, नेहमीचे शेवटचे गाणे काढून टाकले आणि वेगळे गाणे लढाईवरच सोडून त्यावर श्रेयनामावली चालवली. शेवटच्या गाण्याचे दीड मिनिट असे कथेत परत आले. ‘संगीत उत्तम’ या दोन शब्दांत यातले काहीच येत नाही.

दुसरे उदाहरण ‘जुजुत्सु काइसेन’च्या दुसऱ्या पर्वातल्या सतराव्या भागाचे, नोव्हेंबर 2023 मधले. त्यातल्या राक्षसी आकृतीच्या डोक्यावर एक चाक तरंगते. एखाद्या हल्ल्याला ती सरावली की चाक एक घर फिरते आणि तो हल्ला तिच्यावर पुन्हा चालत नाही. मांगात हे फिरणे ‘गाकोन’ एवढ्या एका ध्वनिशब्दाने दाखवले आहे. आपण ‘खटाक्’ म्हणू. मापा स्टुडिओने लढाई मांगापेक्षा कितीतरी लांबवली, अख्ख्या शहरभर नेली. कॅमेरा इतका फिरतो की कोण कुठे आहे, याचा पत्ता दोन-तीनदा हरवतो. हा दोष आहे आणि तो लिहायला हवा. पण चाकाच्या त्या जड आवाजाने प्रेक्षक दर वेळी जागेवर येतो. चित्र दिसण्याआधी आवाज कळवतो की आता मागचा डाव चालणार नाही. (जाता जाता: या आकृतीचे इंग्रजीवरून उतरवलेले ‘महोरागा’ हे नाव आपल्याकडे तसेच छापले जाते. मूळ संस्कृत शब्द ‘महोरग’, महा अधिक उरग, मोठा सर्प. जपानीत उच्चार ‘माकोरा’. मराठी वृत्तपत्राने तरी ‘महोरग’ छापायला हरकत नसावी.)

आता ‘ॲनिमेशन घसरले’ या आवडत्या शेऱ्याविषयी. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) जातात, पण चित्रे तेवढी काढत नाहीत. एक चित्र दोन चौकटी धरले तर सेकंदाला 12, तीन चौकटी धरले तर 8. टीव्हीवरच्या एका भागात साधारण तीनशे शॉट असतात, म्हणजे सरासरी शॉट चार सेकंदांचा. वीस मिनिटे सतत बारा चित्रांनी हलवायची तर चौदा हजारांवर चित्रे लागतील. नेहमीच्या भागात प्रत्यक्षात तीन ते पाच हजार असतात. उरलेल्या वेळी चेहरा स्थिर आणि तोंड बंद, अर्धे उघडे, उघडे अशा तीन चित्रांवर बोलते. ही काटकसर 1963 मधल्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासूनची आहे. बोलण्याचे प्रसंग असे भागवून वाचलेली चित्रे लढाईच्या दोन मिनिटांत ओतायची, हे गणित. संवादाच्या दृश्यात ‘कोणी हलत नाही’ म्हणून तारा कापणे म्हणजे उपासाच्या दिवशी साबुदाण्याबद्दल तक्रार करण्यासारखे आहे.

झपकन फिरणाऱ्या हाताची मधली चौकट थांबवून ‘बघा, चित्र किती वाकडे’ असे म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. ती लांबलेली, फाकलेली आकृती मुद्दाम काढलेली असते. जपानी चित्रकार तिला ‘ओबाके’ म्हणतात, म्हणजे भूत. ती दिसायची नसते, जाणवायची असते. खरी घसरण ओळखायची तर चेहऱ्याची ठेवण एका शॉटमधून दुसऱ्यात बदलते का, वार आणि लागलेला मार यांत वजन जाते का, पाय जमिनीवर घसरतात का, हे पाहावे. स्टुडिओच्या अधिकृत झलकी यूट्यूबवर असतात. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की तो एकेक चौकट पुढे सरकतो, स्वल्पविरामाच्या कळीने मागे. वारापूर्वी हात किती चौकटी मागे थांबतो ते मोजावे. या थांबण्याला ‘तामे’ म्हणतात. ते कमी पडले की तलवार कागदाची वाटते.

श्रेयनामावलीही वाचावी. ‘एकोन्ते’ म्हणजे स्टोरीबोर्ड कोणाचा, भागाचे दिग्दर्शन कोणाचे आणि ‘साकुगा कान्तोकु’, म्हणजे सगळ्यांची चित्रे एकसारखी करणारे, किती जण, एवढे तरी. या शेवटच्या ठिकाणी दोन-तीन नावे असतील तर काम वेळेत झाले असावे. पंधरा-वीस नावांची रांग दिसली, तर बहुधा शेवटच्या आठवड्यात हात मिळेल तिथून गोळा केलेले असतात. 2023 च्या अखेरीस ‘जुजुत्सु काइसेन’वर काम करणाऱ्या अनेक चित्रकारांनी वेळापत्रकाविरुद्ध उघडपणे लिहिले होते. अशा भागाला ‘स्टुडिओची मेहनत दिसते’ असे सर्टिफिकेट देताना मेहनत कोणाची, हे विचारायला हवे.

परीक्षक भाग कशावर पाहतात, हाही प्रश्न आहे. नव्या स्मार्ट टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय विकत घेतानाच चालू असते. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो. क्रिकेटला ती ठीक. ॲनिमेत ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाची चित्रे घुसवते. तीन-तीन चौकटी धरलेले चित्र अडखळते, ओबाकेचा चिखल होतो आणि तलवारीच्या कडेला पाणचट वलय उमटते. मग परीक्षणात ‘हालचाली कृत्रिम वाटल्या’ असे छापून येते! चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावावा.

लढाई ऐन रंगात असताना चित्र अंधारते, रंग मळतात, आधीच्या चौकटीची सावली पुढच्यावर राहते. यात चित्रकारांची चूक नसते. 16 डिसेंबर 1997 ला ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानमध्ये सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून प्रक्षेपणाआधी लखलखणारी दृश्ये मंद करतात. आपल्याकडे ॲपवर येते ती बहुतेकदा हीच प्रक्षेपणाची प्रत. ब्लू-रेवर तेच दृश्य उजळ असते आणि काही चित्रे दुरुस्तही केलेली असतात.

भाषेकडे तर परीक्षणे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि मराठी परीक्षकाला खरी संधी तिथेच आहे. जपानीत क्रियापद शेवटी येते, नकार त्याच्याही शेपटीला. ‘त्याला मी मारले...’ म्हणून नट श्वास घेतो आणि मग ‘नाही’ येते. इंग्रजी सबटायटलने ‘नाही’ आधीच सांगून टाकलेले असते. हिंदी डबिंगमध्येही ‘नहीं’ बहुधा क्रियापदाच्या आधी येते. मराठी वाक्य मात्र जपानीच्या जवळजवळ पावलावर पाऊल टाकते. ‘तू’साठी ‘आनाता’, ‘ओमाए’, ‘किसामा’ अशा पायऱ्या आहेत आणि लढाईत पात्र एका पायरीवरून दुसरीवर उतरते तो क्षण तलवार उपसण्याइतकाच मोठा असतो. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणे काय असते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, इंग्रजीत सगळेच ‘यू’. डावांची नावे चिनी वळणाच्या जोडशब्दांत असतात, आपल्या तत्सम समासांसारखी. ‘र्‍योइकी तेनकाई’ला ‘डोमेन एक्सपान्शन’ असे देवनागरीत लिहिण्यापेक्षा ‘क्षेत्रविस्तार’ लिहिले तर आरोळी ठोकता येते.

आणि यासाठी माणसे शोधायला लांब जायला नको. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत वर्ग भरतात, भाषाप्राविण्याच्या जेएलपीटी परीक्षेचे केंद्र इथे आहे. किशोरांच्या साप्ताहिकांत कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या, अक्षरांशेजारी उच्चार छापलेला असतो, त्यामुळे मधल्या पातळीचा विद्यार्थीही संबंधित प्रकरण वाचून देऊ शकेल. जपानी येत नसेल तर शुएशा प्रकाशनाच्या ‘मांगा प्लस’ ॲपवर चालू मालिकांची पहिली आणि ताजी काही प्रकरणे इंग्रजीत फुकट मिळतात.

दोन किरकोळ गोष्टी. ‘शोनेन’ (किशोरवयीन मुलगा) हे मासिकाच्या अपेक्षित वाचकाचे वर्णन आहे, मुलांना चालेल याची हमी नव्हे. ‘चेनसॉ मॅन’ शोनेन साप्ताहिकातच आली आणि तिच्यातला रक्तपात पालकांना झेपणारा नाही. ॲपवर भागासोबत यू/ए 13+, यू/ए 16+ किंवा ए असे वर्गीकरण असते, ते छापावे. आणि कोण मरतो ते शीर्षकात देऊ नये, ही विनंती खरे तर करावी लागू नये.

तेव्हा सूचना एवढीच, की प्रत्येक परीक्षणासोबत चार ओळींची चौकट द्यावी: कोणते भाग आणि त्यांत कोणती प्रकरणे; मूळ जपानी पाहिले की हिंदी डबिंग; स्टोरीबोर्ड आणि चित्रांच्या दिग्दर्शनातली नावे; वयोगट. जागा कमी पडत असेल तर तारे काढून टाकावेत.

कळावे,
जपानी भाषेचे काही अभ्यासक आणि मांगावाचक,
पुणे