पेरू बघायचा, पण माझ्या क्रमाने

लिमा, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं टूरचं पत्रक वाचलं. बारा दिवसांत चार देश, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कुस्को, दुपारी शहरदर्शन! ते पत्रक रद्दीत टाका. फक्त पेरू बघायचा, तोही मी सांगते त्या क्रमाने.

प्रश्न उंचीचा आहे. लिमा समुद्राकाठी, तर कुस्को ३,४०० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि विमान दीड तासाच्या आत तिथे नेऊन टाकतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी उतरल्या उतरल्या बॅग पाठीवर घेऊन जिने चढले, वर पोटभर जेवले. रात्रभर डोकं ठणकत होतं आणि चार पायऱ्यांना धाप लागत होती. याला इथे 'सोरोचे' म्हणतात. म्हणून आपण विमानतळावरून गाडीने थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात उतरू, तिथे दोन रात्री काढू, मग त्याच खोऱ्यातल्या ओयान्तायताम्बो गावाहून रेल्वेने माचू पिचू, म्हणजे इथल्या जुन्या इंका राजांची डोंगरातली नगरी. ते २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा बरंच खाली आहे. फोटोंवरून उलटंच वाटतं. कुस्को शेवटी. बाबा, बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा, 'मला काही होत नाही' हे मला नको. कोकाच्या पानांचा चहा मिळेल, तो प्या. पण पानं आठवण म्हणून घरी न्यायची नाहीत, आपल्याकडे तो गुन्हा आहे.

माचू पिचूची तिकिटं मी काढते. वेळ आणि वाट आधीच ठरवावी लागते आणि दारात पासपोर्ट बघतात, तेव्हा नावांचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच पाठवा.

पण बाबा, तुमचा जीव अडकणार तो कुस्कोत. आतुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा एक दगड आहे. शेजारचे दगड त्याच्या प्रत्येक कोनाला इतके बिलगून बसलेत की सांध्यात नखही शिरत नाही, आणि चुना नावाला नाही. भिंती किंचित आत झुकलेल्या, दारं वर निमुळती. स्पॅनिश लोकांनी कोरिकांचा या इंका मंदिरावर चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात चर्च ढासळलं, खालच्या भिंती जागच्या जागी. तुमच्या खात्यातल्या कंत्राटदारांना घेऊन यायला हवं होतं.

आई, तुझं 'खायचं काय' मला इथूनच ऐकू आलं. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर कोंबडी आणून ठेवतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गुरांचं मांस. म्हणून 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (कोंबडी नको, मासे नकोत) हेही पाठ कर. बाकी तुझी चंगळ आहे. बटाट्याचं मूळ गाव याच डोंगरांत, जाती हजारोंनी: जांभळे, काळपट, बोटाएवढे. राजगिऱ्याच्या कुळातलं किविचाही मिळतं. आणि तुला वाळवण दाखवायचंय: वरच्या गावांत थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठू देतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. हातात घेतलं तर खडा वाटतो, पण वजन काहीच नाही. वर्षानुवर्षं टिकतं म्हणे. तुझ्या बटाट्याच्या पापडांना स्पर्धा. (फळातला पेरू मात्र इथे 'ग्वायाबा'. बाबांचा विनोद वाया गेला.)

कधी यायचं? डोंगरात मे ते सप्टेंबर कोरडे दिवस. रात्री कडाक्याची थंडी, स्वेटर घ्या. तेव्हा लिमात मात्र दिवसचे दिवस ऊन नसतं. मेमध्ये तुझ्या लोणच्याच्या कैऱ्या, २४ जूनला कुस्कोत इंती रायमी या सूर्याच्या सणाची तुडुंब गर्दी, पुढे गणपती. म्हणजे जुलै. नळाचं पाणी प्यायचं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आषाढी इथे आली तर उपवासाची काळजी नको. बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं इथे आहे. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो 'युका'सुद्धा ढिगाने मिळतो, पण साबुदाणा काही मला बाजारात दिसला नाही. तेवढा अर्धा किलो बॅगेत टाक.

तुमची,
लाडकी