जगन्नाथाचा रथ आणि मथळ्यातला 'जगरनॉट'

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा आणि अर्थ या दोन्ही पानांवर अलीकडे 'जगरनॉट' हा शब्द देवनागरीत छापलेला वाचला. एकदा तो सलग सामने जिंकणाऱ्या संघासाठी होता, एकदा एका बलाढ्य कंपनीसाठी. निवडणुकीच्या बातमीतही 'प्रचाराचा जगरनॉट' येऊन गेला. हा शब्द मराठीत रुळण्याआधीच त्याला आवर घालावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

इंग्रजीत या शब्दाचा रोजचा अर्थ असा, की वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी आणि कोणालाही न थांबवता येणारी प्रचंड शक्ती. ब्रिटनमध्ये तर रस्त्यावरच्या अवजड मालट्रकलाही 1960-70 च्या दशकांपासून हेच नाव पडले आहे. मुलांना तो ठाऊक असतो मार्वलच्या कॉमिक्समधला भिंती फोडत धावणारा खलनायक म्हणून. पण या शब्दाचे मूळ आहे पुरीचा जगन्नाथ. जगताचा नाथ. ज्या देवाच्या दर्शनाला आपल्याकडची माणसेही चारधाम म्हणून जातात, त्याचे नाव आपण मराठीत 'चिरडणारा' या अर्थाने परत आणत आहोत, हे मला खरोखर लागले.

हा अर्थ आला कुठून? ओदोरिको नावाचा एक इटालियन फ्रान्सिस्कन साधू 1320 च्या दशकात हिंदुस्थानात येऊन गेला. मूर्तीच्या रथाखाली भाविक स्वतःला झोकून देतात आणि चाकांखाली मरतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे ते वर्णन पुरीचे नाहीच, ते आहे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मोबार राज्यातले. पण गोष्ट युरोपभर फिरली, प्रवासवर्णनांतून उचलली गेली आणि पुढे पुरीच्या रथाला कायमची चिकटली. तिला खरी धार आली ती एकोणिसाव्या शतकात. क्लॉडियस ब्युकॅनन हे धर्मोपदेशक 1806 मध्ये पुरीला गेले आणि 1811 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जगन्नाथाची तुलना बायबलमधल्या नरबळी घेणाऱ्या मोलॉक या देवतेशी केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून तेव्हा इंग्लंडमध्ये जोरात खटपट चालली होती. खुद्द कंपनी सरकार पुरीच्या यात्रेकरूंकडून कर घेत होते, त्याचाही या मंडळींना राग होता. अशा वेळी रक्ताने माखलेल्या रथाचे चित्र लोकांपुढे ठेवणे त्यांना सोयीचे होते. 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. ते चित्र मात्र भाषेत राहून गेले.

आणि वस्तुस्थिती? ती इंग्रजांनीच नोंदवून ठेवली आहे. ओरिसात कारभार पाहिलेल्या अँड्र्यू स्टर्लिंग यांनी 1820 च्या दशकात लिहिले, की आपण पाहिलेल्या चार वर्षांच्या यात्रांत असे तीनच प्रसंग घडले. त्यातला एक बहुधा अपघात होता आणि बाकीचे दोघे असह्य दुखण्याने गांजलेले होते. पुढे 1872 मध्ये विल्यम हंटर यांनी तर स्पष्टच म्हटले, की आत्महत्या ही या वैष्णव उपासनेच्या विरुद्ध आहे आणि रक्ताचा थेंब सांडला तरी ते स्थान विटाळले असे मानतात. तरीही इंग्रजी भाषेने स्टर्लिंग आणि हंटर यांना बाजूला ठेवून ब्युकॅनन यांनाच उचलून धरले. अफाट गर्दीत माणसे दगावतात, हे मी नाकारत नाही. 2025 च्या रथयात्रेतही पुरीतल्या गुंडिचा मंदिराजवळच्या चेंगराचेंगरीत तिघांचे प्राण गेले. पण ती व्यवस्थेची हेळसांड. तिचा दोष देवाच्या नावावर टाकता येत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतो तो 'न थांबणारा' हा अर्थ. कारण पुरीचा रथ थांबण्यासाठीच प्रसिद्ध आहे! आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा आपापल्या रथांतून गुंडिचा मंदिराकडे निघतात. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. जगन्नाथाच्या नंदिघोषाला 16 चाके, बलभद्राच्या तालध्वजाला 14 आणि सुभद्रेच्या दर्पदलनाला 12. निघण्याआधी पुरीचे गजपती महाराज हातात सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथ झाडतात, चंदनाचे पाणी शिंपडतात. राजाने झाडूवाल्याचे काम करायचे, त्याशिवाय रथ हलायचा नाही. मग दोर ओढणारे हजारो हात. कधी रथ जागचा हलत नाही. कधी वाटेतच दिवस मावळतो आणि रथ बडदांडावर, म्हणजे त्या रुंद राजरस्त्यावर, रात्रभर उभा राहतो, कारण सूर्यास्तानंतर तो ओढायचा नाही अशी रीत आहे.

याच रस्त्यावर सालबेगाची समाधी आहे. सालबेग सतराव्या शतकातला, मुघल सरदाराचा मुलगा आणि जगन्नाथाचा भक्त. मुसलमान म्हणून त्याला मंदिरात प्रवेश नव्हता, रथावरचे दर्शन तेवढे घेता येणार होते. एका वर्षी तो वृंदावनाहून निघाला आणि वाटेत आजारी पडला. मी पोहोचेपर्यंत थांब, अशी त्याने देवाला विनवणी केली. कथा सांगते, की तो येईपर्यंत नंदिघोष तसूभर हलला नाही. ओढून ओढून लोक थकले. आजही रथ त्या समाधीपाशी थोडा थांबतो. सालबेगाची भजने ओडिशात घरोघर गातात.

परतीच्या वाटेवर मावशीचे घर आहे. मौसीमाँच्या देवळापुढे रथ उभा राहतो आणि देव पोडपिठा खातो. तांदूळ, उडीद, गूळ, खोबरे घालून मंद आचेवर भाजलेला हा पदार्थ आपल्या खापरपोळी-दशमीच्या पंगतीला सहज बसेल. त्याआधी पंचमीला, आपल्याला मागे ठेवून नवरा भावंडांबरोबर फिरायला गेला म्हणून रुसलेली लक्ष्मी पालखीतून गुंडिचा मंदिराशी येते आणि रागाच्या भरात नंदिघोषाचे एक लाकूड मोडून जाते. भक्तासाठी अडून बसणारा, मावशीकडे खायला थांबणारा आणि बायकोच्या रुसव्यात लाकूड गमावणारा हा रथ. त्याला निर्दय, बेफाम शक्तीचे प्रतीक करणे हा त्याच्यावर आणि ओडिया माणसांवर केवढा अन्याय आहे!

माझे माहेर जळगावचे. कार्तिकी एकादशीला तिथे श्रीरामाचा रथ निघतो. तो ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना रथाचे कसब कशात असते ते सांगावे लागत नाही. सगळ्यांचे लक्ष असते मोगरीवाल्यांकडे. चाकाजवळ वाकून चालत राहायचे आणि नेमक्या क्षणी लाकडी मोगरी चाकाखाली सरकवायची. तिच्यामुळे रथ थांबतो, तिच्यामुळेच वळतो. वळणावर एक जण ओरडतो, दुसरा मोगरी सारतो आणि एवढा मोठा रथ बोटभर अंतरावर थबकतो. घराघरांतून आरतीचे ताट घेऊन उभ्या असलेल्या बायांपुढे तो असाच थांबत थांबत जातो. माणसांच्या अंगावर जाण्यासाठी आपल्याकडे कोणी रथ बांधत नाही.

इंग्रजीने आपल्याकडून गुरू, पंडित, अवतार, मंत्र असे कितीतरी शब्द घेतले. त्यांचे अर्थ पातळ झाले, पण त्यात कोणाची बदनामी नाही, म्हणून माझी तक्रारही नाही. इंग्रजीतून 'जगरनॉट' काढून टाका, असेही मी म्हणत नाही. ज्यांची भाषा त्यांनी ठरवावे. लंडनमध्ये 1969 पासून जगन्नाथाची रथयात्रा निघते, तेव्हा कदाचित तिथली माणसेच एक दिवस त्याचा विचार करतील. पण मराठी वृत्तपत्राला या उसनवारीची गरज काय? जिंकत सुटलेल्या संघाला विजयरथ आहे, घोडदौड आहे, झंझावात आहे. दुबळ्याला दडपणाऱ्या सत्तेसाठी वरवंटा आहे. कंपनीला बलाढ्य म्हटले की काम भागते.

नागपूरकरांनी तर हा विषय आपला मानावा, असे मला वाटते. 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशा इथल्या भोसल्यांकडे होता आणि जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही त्यांच्याच राज्यात चालत होती. पुरीच्या सिंहद्वारासमोर जो एकसंध दगडाचा अरुणस्तंभ उभा आहे, तो मराठ्यांच्याच काळात कोणार्कहून आणून तिथे बसवला गेला. सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी पुरी घेतली, डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि तो प्रांत गेला. ब्युकॅनन तिथे पोहोचले ते त्यानंतर तीनच वर्षांनी. ज्या देवस्थानाची आपल्या पूर्वजांनी अर्धे शतक काळजी वाहिली, त्याची कुचेष्टा करणारा शब्द त्याच नागपुरात मराठी अक्षरांत छापला जावा, हे बरे नाही.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या उपसंपादकांना हा शब्द टाळण्याची सूचना द्यावी. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत तो असला, तरी भाषांतरात येऊ नये. दुसरी विनंती येत्या आषाढासाठी. ज्या एकादशीला आपण पंढरपूरच्या वारीला पानेच्या पाने देता, त्याच एकादशीला पुरीत परतलेल्या रथांवर तिन्ही देवांना सोन्याचे दागिने चढवतात. त्याला सुना बेश म्हणतात. त्या दिवशी विठोबाच्या शेजारी अर्धे पान पुरीला द्यावे आणि ते शक्यतो एखाद्या ओडिया लेखकाकडून लिहून घ्यावे. नागपुरात ओडिया कुटुंबे पुष्कळ आहेत, शोधायला लांब जावे लागणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक
महाल, नागपूर