तुझी उघाडी, आमचं दार

डेल्फ्ट, नेदरलँड्स
रविवार, रात्र

प्रिय दिगू,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा नुसता मागे वाजणाऱ्या पावसासाठी. खाडीकडच्या बांधाला, तुझ्या बाहेरकाठ्याला, पुन्हा खांड गेली, भगदाडच पडलं, उधाणाचं पाणी थेट आंब्याच्या बुडापर्यंत आलं, आणि वर तू हसत विचारतोस, "तुमचा तर अख्खा देशच पाण्याखाली, ती माणसं झोपतात कशी?" फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

झोपतात रे, अगदी घोरत. मुंबईहून येताना मी ज्या विमानतळावर उतरतो ना, तो एका उपसून काढलेल्या तळ्याच्या तळाशी आहे, समुद्रापेक्षा तीनेक मीटर खाली. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळ आणि उधाण एकत्र आलं, बांध फुटले आणि 1,836 माणसं गेली. त्यानंतर यांनी दक्षिणेकडच्या बहुतेक खाड्यांची तोंडं बांधून काढली.

गेल्या सप्टेंबरात मी रॉटरडॅमजवळचं मोठं दार बघायला गेलो होतो. माएस्लांटकेरिंग. वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा ते लावून बघतात, आणि लोक पोराबाळांसकट जमतात, जत्रेसारखे. दोन पोकळ पोलादी झडपा, एकेक 210 मीटर लांब आणि 22 मीटर उंच. एरवी दोन्ही काठांवरच्या गोद्यांत पडून असतात. गोदीत पाणी सोडलं की तरंगतात, सावकाश मध्यावर येतात, पोटात पाणी भरून घेतात आणि तळाशी टेकतात. मला वाटलं होतं, केवढी घरघर होईल! एक बदक दाराच्या पुढ्यातून निवांत पोहत गेलं, बस. तुझ्या बांधातली उघाडीच की ती, भरतीचं पाणी अडवणारी झडप, फक्त आकाराने भलती. पाणी तीन मीटर चढणार असा अंदाज आला की संगणकच दार लावायचं ठरवतो. डिसेंबर 2023 च्या वादळात तसंच लागलं.

गोम पुढेच आहे. दार लावलं की नदीसुद्धा आत कोंडते. आज ते क्वचित लागतं म्हणून चालतंय. समुद्र मीटरभर चढला तर वर्षातून काही वेळा तरी लावावं लागेल. मग ऱ्हाईनने जायचं कुठे आणि जहाजांनी शिरायचं कधी? इथल्या हवामान संस्थेने 2023 मध्ये सांगितलं, धूर असाच ओकत राहिलो तर 2100 पर्यंत समुद्र सव्वा मीटरपर्यंत चढू शकतो, आणि अंटार्क्टिकाचा बर्फ ढासळला तर अडीचही. त्यात जमीन खाली चाललीय. दलदलीची माती, पाणी उपसलं की खचते, खचली की आणखी उपसा. बांध कितीही उंच केला तरी खारं पाणी जमिनीखालून झिरपतं. हे तुला मी काय सांगायचं म्हणा.

2020 मध्ये एका शास्त्रज्ञ जोडगोळीने तर स्कॉटलंड ते नॉर्वे आणि फ्रान्स ते इंग्लंड असे दोन बांध घालून अख्खा उत्तर समुद्रच कोंडायचा हिशेब मांडला. पहिलाच बांध 475 किलोमीटर! बांधा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. धूर कमी केला नाही तर काय करत बसावं लागेल, ते दाखवायचं होतं.

मला पटलं ते वेगळंच. इथल्या ब्राबांट प्रांतात ओव्हरडीप नावाची बांध घालून राखलेली शेतजमीन आहे, म्हणजे आपल्या भाषेत खारच, पाणी तेवढं नदीचं. मोठा पूर आला तर पाणी मुद्दाम तिथे शिरू द्यायचं ठरलं आणि बांधाची उंची कमी केली. शेतकऱ्यांनीच तोड सुचवली: आम्हाला मातीची उंच जोती घालून द्या, घरं-गोठे त्यावर नेऊ, खालचं शेत बुडेल तेव्हा बुडू दे. जोती झाली, काही जण त्यांवर राहिले, बाकीचे मोबदला घेऊन उठले. रडारड झाली असणारच. आजोबांनी कमावलेली जमीन कोण हसत सोडतो? पण पाणी येण्याआधी बसून ठरलं.

आणि ठरवण्याची सवयही जुनी. आमच्या डेल्फ्टचं पाणी-मंडळ, म्हणजे इथले बांध आणि पाणी सांभाळणारी निवडून दिलेली संस्था, 1289 पासूनचं आहे, म्हणजे ज्ञानेश्वर हयात होते तेव्हाचं! दर वर्षी त्याची वेगळी करपट्टी येते, कुरकुरत भरतो. पण मार्च 2023 मध्ये मी, भारतीय पासपोर्टवाला, त्या मंडळासाठी मतही देऊन आलो. उमेदवार कोण ते बायकोने सांगितलं, ती गोष्ट सोड.

तुझ्याकडे बांध फुटतो, दोन वर्षं कुणी फिरकत नाही, शेतात तिवरं उगवतात आणि मग ती तोडायला बंदी. तिवरं वाईट नाहीत रे, लाटेचा जोर तीच मोडतात. पण तुझी जमीन समुद्राला गेली आणि ती गेली असं कुणी म्हटलंच नाही, म्हणून मोबदलाही नाही, जोतंही नाही. मला राग त्याचा येतो.

मे महिन्यात येतोय. बाहेरकाठ्यावर चक्कर मारू, आणि गावकीत हा ओव्हरडीपचा किस्सा तू सांग, मी सांगितला तर "परदेशातून शिकवायला आला" म्हणतील. तोवर एक कर. येत्या पुनवेच्या उधाणाला पाणी तुझ्या विहिरीपासून किती पावलांवर थांबतं ते मोज, आणि कॅलेंडरवर तारखेपाशी लिहून ठेव. पावलं तुझीच धर, धाकट्याची नकोत.

माईंना नमस्कार. सुकट संपलीय, तेही सांग त्यांना.

तुझा,
नंदू