बाँडवर लिहून दत्तक होत नसते

महोदय,

‘नर्सच्या ओळखीने बाळ मिळालं, बाँडवर नोटरी करून घेतली’ असे मराठवाड्यात आजही बिनदिक्कत सांगितले जाते. या कागदाने मूल कायद्याने आपले होत नाही. उलट सोडून दिलेले मूल परस्पर ठेवून घेतल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे मोजले असतील तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. (हिंदू कुटुंबात, नात्यातले मूल त्याच्या आईबापांनी दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवून देणे हा प्रकार वेगळा.)

खरी वाट ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवरून जाते. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रे अपलोड करावी लागतात, आणि आपल्याकडची माणसे अडतात ती इथेच. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरे. लग्न गावात झाले, पण नोंदच नाही. तेव्हा विवाह नोंदणी, उत्पन्नाचा दाखला आणि दोघांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आधी हातात घ्या, मग नोंदणी करा. त्यानंतर समाजसेविका घरी येऊन गृह अभ्यास अहवाल करते. ती घराचा थाट बघायला येत नाही. सासू-सासऱ्यांना हे मान्य आहे का, मुलाला खरे कधी सांगणार, असे ती विचारते.

दोन वर्षांच्या आतले बाळ हवे तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही. तान्ह्या, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागते, हे हिशेबात धरूनच वेळेत नोंदणी करावी. प्रतीक्षा यादीत आपला नंबर आला की बाळाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दाखवतात. ४८ तासांत होकार द्यायचा असतो. मधल्या काळात मोबाइल नंबर बदलला आणि पोर्टलवर कळवला नाही, तर संधी हातची जाते. अशा संधी तीनच.

सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यावर आपल्याकडे अपील छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी होते.

आणखी एक. नको असलेले मूल उकिरड्यावर किंवा दलालाच्या हाती जाण्याची गरज नाही. आई ते बाल कल्याण समितीकडे सोपवू शकते, नाव गुप्त राहते आणि निर्णय फिरवायला तिला ६० दिवस मिळतात. मूल सापडलेच तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करावा.

– बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ते, परभणी