काका-काकूंना घेऊन साल्झबुर्गला जाताना

प्रिय मंदार,

काका-काकूंना साल्झबुर्ग दाखवायचं ठरवलंस, आणि तेही सप्टेंबरात, हे फार चांगलं केलंस. काकूंना तिथे चित्रित झालेला 'द साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट जवळजवळ पाठ आहे म्हणालास, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. चित्रपटातलं साल्झबुर्ग हे संकलनाच्या टेबलावर जोडलेलं गाव आहे. 'डो-रे-मी' हे गाणं मुलं वेर्फेनच्या कुरणावर सुरू करतात आणि मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर संपवतात. या दोन जागांत चाळीसेक किलोमीटर अंतर आहे! पहिल्या गाण्यात नायिका मारिया ज्या डोंगरावर गिरक्या घेते, तो मेलवेग तर ऑस्ट्रियात नाहीच. तो सीमेपलीकडे, तुमच्या बव्हेरियात, मार्क्टशेलेनबेर्गजवळ आहे. मठाची घंटा ऐकून तिथून धावत गावात पोचणं कुणालाच जमणार नाही. काकूंनी तिथे जायचा आग्रह धरला तर समजावून सांग: ती खासगी शेतजमीन आहे, बर्चची झाडं चित्रीकरणापुरती आणून लावली होती आणि ओढाही मुद्दाम तयार केलेला होता. तेव्हा चित्रपटाचा क्रम बाजूला ठेव आणि नदी, डोंगर आणि उन्हाची दिशा बघून फिर. मी तसाच बेत आखून देतो.

तारखेचं आधी. २४ सप्टेंबर हा गावाच्या संत रूपर्टचा दिवस. त्याच्या आगेमागे कॅथेड्रलभोवती मोठी जत्रा भरते, पाळणे आणि स्टॉल यांनी रेसिडेन्झप्लात्झ भरून जातो. जत्रा छान असते, पण काकूंना हवं असलेलं कारंजं त्या गर्दीत हरवतं. म्हणून महिन्याचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार धर. जुलैअखेर ते ऑगस्टअखेर संगीत महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे भाव अव्वाच्या सव्वा होतात. थंडीत कारंजी बंद असतात, रेसिडेन्झप्लात्झचं कारंजं तर पेटीत झाकून ठेवतात, आणि हेलब्रुन राजवाड्याच्या बागेतली पाण्याची गंमतही बंद असते. कुणी नाताळच्या बाजारासाठी जात असेल तर जाऊ दे, चित्रपटासाठी तो काळ नव्हे.

म्युनिकहून बायर्न तिकीट काढ. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं (इतर दिवशी सकाळी ९ नंतर), पाच जणांपर्यंत एकच तिकीट होतं आणि ते थेट साल्झबुर्ग मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. फक्त प्रादेशिक गाडीतच बस. रेलजेट किंवा युरोसिटी या जलद गाड्यांत ते चालत नाही आणि घाईत नेमकी तीच गाडी समोर उभी असते. तिकिटावर सगळ्यांची नावं लिही. जाताना उजवीकडे बसा, डोंगर त्या बाजूला आहेत. प्रीन गेल्यावर मात्र डावीकडे बघा, तिथे कीमझे तलाव आहे. या मार्गावर शनिवार-रविवारी अधूनमधून रुळांचं काम निघतं आणि मध्येच बसमध्ये बदलावं लागतं, म्हणून आदल्या रात्री ॲपवर बघून घे. मूळ पासपोर्ट सगळ्यांचे बरोबर हवेत, फोटोकॉपी चालत नाही. येताना जर्मनीत शिरताना फ्राइलासिंगच्या आसपास पोलीस गाडीत तपासणी करतात. काका-काकूंचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असला तरी घाबरू नकोस. ऑस्ट्रिया शेंगेनमध्येच आहे, त्यामुळे ती एंट्री खर्ची पडत नाही.

खोली नदीच्या उजव्या काठाला, स्टेशन आणि मिराबेल यांच्या मध्ये घे. जुन्या गावात दगडी फरशीवरून बॅगा ओढणं काकांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. शिवाय मे २०२५ पासून साल्झबुर्ग राज्यात मुक्काम करणाऱ्यांना सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट निवासाबरोबरच मिळतं. ते आधी मेलवर येतं का, हे हॉटेलला विचारून ठेव.

शनिवारी दहाच्या सुमारास पोचाल. त्या वेळी मिराबेलला अजिबात जाऊ नका, सगळ्या टूर बस तेव्हाच येतात. बॅगा टाका, पुलावरून पलीकडे जा, गेट्राइडेगासे ही गल्ली नुसती चालत पार करा आणि सरळ संत पीटरच्या मठाकडे वळा. तिथली बेकरी शनिवारी दुपारपर्यंतच चालू असते आणि रविवारी बंद. पाणचक्कीशेजारच्या त्या तळघरात लाकडाच्या भट्टीवर आंबवलेल्या पिठाचा राय पाव भाजतात. एक घ्या, दोन दिवस पुरेल. रोख पैसे जवळ ठेव.

शेजारीच मठाची दफनभूमी आहे. चित्रपटातलं ट्राप कुटुंब नाझींपासून वाचायला थडग्यांमागे लपतं तो प्रसंग इथे चित्रित झालेला नाही, तो सेट हॉलिवूडमध्ये बांधला होता. पण त्याचा नमुना हाच आहे, आणि लोखंडी जाळ्यांच्या कमानी बघितल्या की काकूंना सांगावं लागणार नाही. वरच्या कड्यातल्या गुहांच्या पायऱ्या खड्या आहेत, काकांनी खालीच बसावं.

त्याच कड्याला लागून पुढे फेल्सेनराइटशूले आहे, म्हणजे चित्रपटाच्या शेवटी कुटुंब जिथे गातं ते नाट्यगृह. कॅथेड्रलसाठी दगड काढला ती ही खाण. १६९३ मध्ये खडक कोरून प्रेक्षकांसाठी ९६ कमानींचे तीन मजले केले आणि खाली घोड्यांचे खेळ होत. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळीच जाता येतं आणि तालमी असल्या की तेही बंद, म्हणून वेळ आधी बघ. हे चुकवू नका असं मनापासून सांगतो. चित्रपटातली बाकीची ठिकाणं कॅमेऱ्याने मोठी करून दाखवली आहेत, ही एकच जागा प्रत्यक्षात जास्त भव्य आहे. काकांना एक माहिती दे: 'एडलवाइस' इथे गाताना पडद्यावर क्रिस्टोफर प्लमर आहे, आवाज मात्र बिल ली या गायकाचा. आणि ते ऑस्ट्रियाचं लोकगीत किंवा राष्ट्रगीत नाही. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी १९५९ मध्ये रचलं. गावातल्या कुणाला ते म्हणून दाखवायला सांगितलंत तर बरेच जण नुसते बघत राहतील. चित्रपट तिथे फारसा चाललाच नाही. ट्राप कुटुंबाची गोष्ट त्यांना १९५६ च्या जर्मन चित्रपटातून आधीच माहीत होती.

जेवणाचं. काकू शुद्ध शाकाहारी, म्हणून नुसतं 'व्हेगेटारिश' म्हणून थांबू नकोस. 'ओने फ्लाइश, ओने स्पेक, ओने फिश', म्हणजे मांस, बेकन, मासे काहीही नको, असं तोडून सांग. सूपचा रस्सा बहुतेकदा गोमांसाचा असतो, त्यात सोडलेला चीजचा गोळा शाकाहारी असला तरी. चीजमध्ये घोळलेले कास्नॉकन हे पिठाचे गोळे पोटभर होतात, पण पिठात अंडं असतं. अंडंही नको असेल तर भाजलेले बटाटे, सॅलड आणि तो राय पाव हाच खरा आधार. साल्झबुर्गर नॉकर्ल हे तीन शिखरांचं गोड तर अंड्याच्या पांढऱ्यावरच उभं असतं. तुम्ही खाणार असाल तर एकच मागव, दोघा-तिघांना पुरतं, आणि ताजं भाजून यायला वीसेक मिनिटं लागतात. गाण्यात श्निट्झलबरोबर नूडल्स आहेत म्हणून कुठे शोधू नका, इथे त्याच्याबरोबर बटाटे देतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

जेवणानंतर रेसिडेन्झप्लात्झ. मारिया आत्मविश्वासाचं गाणं म्हणत ज्या कारंज्यातल्या घोड्यांवर पाणी उडवते, ते इथलं. चित्रपटात याच चौकातून नाझी सैनिक चालत जातात आणि इमारतीवर त्यांचा झेंडा लटकतो. १९६४ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी तो झेंडा लावू द्यायला गावचे अधिकारी नाखूश होते, कारण खऱ्या आठवणी ताज्या होत्या. ३० एप्रिल १९३८ ला याच चौकात पुस्तकांची होळी केली होती. ऐंशी वर्षांनी, २०१८ मध्ये, तिथे स्मारक बसवलं. बहुतेक पर्यटक त्यावरून चालत जातात. काकांना तिथे नक्की थांबव. खरा इतिहासही तिथेच सांग. मारिया आणि कुटुंबप्रमुख गेऑर्ग फॉन ट्राप यांचं लग्न १९२७ मध्ये झालं, म्हणजे नाझी येण्याच्या अकरा वर्षं आधी. कुटुंब डोंगर ओलांडून गेलंच नाही, १९३८ मध्ये ते रेल्वेने इटलीला गेले. त्या डोंगरापलीकडे स्वित्झर्लंड नाही, बेर्खटेसगाडेन आहे, आणि हिटलरचं घर तिथेच होतं.

आता हिशेबाचा भाग. साल्झबुर्ग कार्ड हा पर्यटकांचा पास २४, ४८ किंवा ७२ तासांचा मिळतो. दर हंगामानुसार बदलतात. तुम्हाला २४ तासांचंच पुरेल, पण ते सकाळी सुरू करू नकोस. पहिल्यांदा वापरल्यापासून तास मोजतात, म्हणून शनिवारी दुपारी अडीचला किल्ल्याच्या केबल रेल्वेवर पहिला वापर कर. मग संध्याकाळची म्योन्क्सबेर्ग टेकडीची लिफ्ट, रविवारची उंटर्सबेर्ग डोंगराची केबलकार आणि हेलब्रुन, सगळं त्यातच बसतं. प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश मिळतो, हे लक्षात ठेव.

होहेनझाल्झबुर्ग किल्ला १०७७ पासूनचा. वरून उंटर्सबेर्ग समोर दिसतो. आतली सगळी दालनं बघायची गरज नाही. खाली उतरल्यावर फेस्टुंग्सगासेवरून नॉनबेर्ग मठाकडे जा. कायगासेकडून वर येणाऱ्या पायऱ्या काकांसाठी नकोतच. फेस्टुंग्सगासेच्या वाटेने थोडा चढ लागतो, पण थांबत थांबत जमतो. आठव्या शतकापासून इथे जोगिणी अखंड राहत आल्या आहेत. चित्रपटासाठी त्यांनी दाराबाहेर आणि अंगणात चित्रीकरण करू दिलं, आतलं सगळं सेटवर झालं. खरं लग्न इथे लागलं, पडद्यावरचं लग्न मात्र मोंडझेच्या चर्चमध्ये. चर्चमध्ये शांत बसा, फोटो नकोत.

संध्याकाळी म्योन्क्सबेर्गवर लिफ्टने जा. 'डो-रे-मी'तला गच्चीचा भाग इथला. संध्याकाळच का, तर ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि किल्ला, घुमट, नदी सगळं उजळतं. सकाळी गेलात तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील.

रविवारी सकाळी सात-साडेसातला मिराबेल. प्रवेश मोफत, माणूस नाही, माळी तेवढे काम करत असतात. पेगाससचं कारंजं, वेलींचा बोगदा, बुटक्यांच्या मूर्ती, आणि त्या पायऱ्या. वर उभं राहिलं की बागेपलीकडे किल्ला सरळ रेषेत येतो. दुपारी ऊन थेट कॅमेऱ्यात येतं, म्हणूनही सकाळच बरी. पायऱ्या दवाने निसरड्या असतात, काकूंना उड्या मारू देऊ नकोस, मारायचा मोह होणारच आहे.

मग उंटर्सबेर्गकडे जाणारी सिटी बस धरून थेट शेवटपर्यंत जा. केबलकार ४५६ मीटरवरून १७७६ मीटरवर नेते. सकाळी हवा स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात. वर थंडी खालच्यापेक्षा खूप जास्त, दोघांनाही स्वेटर हवा. वारा असला की कार बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांचं संकेतस्थळ बघ. परतीच्या वाटेवर त्याच बसने हेलब्रुनला उतरा, पण कार्डाची मुदत संपायच्या आत, म्हणजे दुपारी अडीचच्या आत.

'सिक्स्टीन गोइंग ऑन सेव्हंटीन'चा काचेचा मंडप तिथल्या उद्यानात आहे, मूळचा लिओपोल्ड्सक्रोन वाड्यातून हलवलेला. त्याला कायम कुलूप असतं, कारण बाकांवरून उड्या मारताना लोक पडले. आतला नाच हॉलिवूडमधल्या मोठ्या प्रतिकृतीत झाला, हे काकूंना बाहेरून बघताना लगेच कळेल. मंडपापेक्षा शेजारची पाण्याची कारंजी जास्त मजेची. आर्चबिशप मार्कुस सिटिकुसने १६१२ ते १६१५ मध्ये बांधलेल्या या बागेत पाहुण्यांच्या दगडी आसनांतून अचानक पाणी उडतं, फक्त यजमानाचं आसन कोरडं राहतं. काकांचं श्रवणयंत्र आधी काढून डबीत ठेव, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. काकूंनी रेशमी साडी नेसू नये.

पाऊस लागला तर? साल्झबुर्गचा पाऊस बारीक आणि चिवट असतो, तासन् तास थांबत नाही. १९६४ मध्ये त्यानेच चित्रीकरणाचं वेळापत्रक कोलमडवलं होतं. रविवारी असा पाऊस असेल तर उंटर्सबेर्ग सोडून दे आणि चार तासांची चित्रपट-सहल घे. एरवी मी ती सुचवली नसती, कारण गावातली ठिकाणं पायीच चांगली दिसतात. पण त्या बसने लिओपोल्ड्सक्रोनचा तलाव आणि मोंडझेचं लग्नाचं चर्च भिजल्याशिवाय होतं, आणि गाडीत गाणी लावतात, काकूंना ते आवडेल. लिओपोल्ड्सक्रोन आता हॉटेल आहे, आत फक्त तिथे उतरलेल्यांना सोडतात, इतरांनी समोरच्या काठावरून बघायचं. स्वतः मोंडझेला जायचं ठरवलंस तर लक्षात घे की ते वरच्या ऑस्ट्रियात आहे. मुक्कामाचं तिकीट तिथवर चालतं का, ते बसमध्ये चढण्यापूर्वी विचार.

वेर्फेनचं कुरण या वेळी नको. गाडीने जायला पाऊण तास, पुढे चढण, आणि दोन दिवसांत ते ओढून बसवावं लागेल. तिथली बर्फाची गुहा तर काकांसाठी नाहीच, आत सातशे पायऱ्या आहेत.

सांगलीला न्यायला मोझार्टकुगेल ही चॉकलेटं घेशील. १८९० मध्ये फ्यूर्स्ट या मिठाईवाल्याने पहिल्यांदा केलेली निळ्या-चंदेरी कागदातली आजही हाताने करतात. चव उत्तम, पण ती फार टिकत नाहीत आणि उन्हात वितळतात. ती इथेच खाऊन टाका. भारतात न्यायला लाल-सोनेरी कागदातली कारखान्याची घे, आणि तीही हातातल्या सामानात. रविवारी दुकानं बंद असतात, पण स्टेशनमधलं सुपरमार्केट उघडं असतं. परतीच्या गाडीपूर्वी तिथे पाणी आणि फळं मिळतील.

तारीख ठरली की कळव, केबलकारच्या वेळा मीही तपासून ठेवतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास