भूल चढेपर्यंत तरी थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला कामगार, वय ६३. गेल्या पावसाळ्यात माझं हिमोग्लोबिन सारखं खाली येत होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी डॉक्टरांनी बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायला सांगितलं. पहिलं सॅम्पल अपुरं निघाल्यामुळे ही तपासणी पंधरा दिवसांत दोनदा करावी लागली. दोन्ही ठिकाणं शहरातलीच. नावं लिहीत नाही, कारण तक्रार एका दवाखान्याची नाही.

पहिल्या ठिकाणी इंग्रजी फॉर्मवर सही घेतली आणि ‘कुशीवर व्हा’ एवढंच सांगितलं. मागे कमरेच्या हाडापाशी भूल दिली आणि लगोलग जाड सुई घातली. भुलीचं औषध चढायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, हे मला नंतर कळलं. सुई फिरवत फिरवत हाडात घालतात तेव्हा सगळं अंग हलतं. मी ओरडलो, तर पाठीमागून आवाज आला, ‘काका, एवढं काय, झालंच.’ आणि दोघं पुन्हा आपापसांत ड्यूटीच्या वेळांबद्दल बोलू लागले. माझ्यासमोर पोपडे आलेली भिंत आणि सलाईनचा रिकामा स्टँड. पुढे काय होणार, किती वेळ चालणार, काहीच ठाऊक नाही. ३४ वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस मी, बोटं चेमटून घेतलेली आहेत. पण त्या दिवशी घरी आलो तर चहाची बशी हातात ठरेना. पुन्हा जायचंय म्हटल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसरीकडे डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. आधी स्टूल ओढून ती माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘काका, भूल देताना आग होईल. भूल कातडीला आणि हाडावरच्या पडद्याला लागते, हाडाच्या आत लागत नाही. म्हणून मॅरो ओढताना पायापर्यंत कळ जाईल. ती मी थांबवू शकत नाही, पण ती काही सेकंदांचीच असते. ओढायच्या आधी सांगते.’ भूल दिल्यावर घड्याळ बघून थांबली. मग टोचून विचारलं, ‘दुखतंय, की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?’ सिस्टरचा हात माझ्या खांद्यावर होता. ‘आता ओढते, श्वास सोडा.’ कळ आली, चांगलीच आली. मी मनात सातपर्यंत मोजलं, तोवर गेली. पहिल्या वेळीही ती एवढीच असणार. तेव्हा मात्र ती संपतच नाही असं वाटलं होतं.

बाहेर बाकावर सुरगाण्याकडची एक बाई चारेक वर्षांच्या पोरीला घेऊन बसली होती. मागे कुठेतरी तिघांनी दाबून धरून पोरीचं रक्त काढलं होतं. आता पांढरा कोट दिसला की ती आईच्या पदरात तोंड खुपसायची. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम तासभर आधी लावून ठेवलं तर कातडी बधिर होते. मुलाला आडवं दाबण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवावं, तान्ह्याला टोचताना अंगावर पाजू द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणासाठी सांगून ठेवलंय. यात मलम सोडलं तर खर्च कशाचा आहे?

सिव्हिल आणि बिटको या सार्वजनिक रुग्णालयांतली गर्दी मी पाहिली आहे, तिथल्या लोकांना दोष देत नाही. पण तपासणीत काय होणार, कुठे आणि किती वेळ दुखणार, हे सांगणारा मराठी कागद तरी रुग्णाच्या हातात द्या. आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. राज्यभरातले कितीतरी डॉक्टर आणि नर्स त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. प्रात्यक्षिकात सुई कशी धरली हे बघताना, रुग्णाला आधी काय सांगितलं आणि भूल चढेपर्यंत थांबला का, यालाही गुण ठेवावेत, ही माझी विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे.

माझी पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. त्या डॉक्टर मुलीकडेच नाव लावलंय. जेलरोडहून तिकडे जायला रिक्षाचे शंभर रुपये जास्त लागतात, ते मी देईन.

– एक निवृत्त प्रेस कामगार, जेलरोड, नाशिकरोड